‘आजची पिढी’ मोजायची कशी? तरुणांची विविधता, त्यांची सामाजिक मतं आणि पाहणीतल्या चुका

मोजपट्टी

समजा, एका पाहणीत २० ते २९ वयाच्या ६२ टक्के लोकांनी सांगितलं, की घरातल्या कुणी वेगळ्या समाजातल्या व्यक्तीशी लग्न केलं तर हरकत नाही. ४० ते ४९ वयाच्या लोकांत हाच आकडा ४८. लगेच मथळा तयार होतो: नवी पिढी जास्त उदार. पण या दोन आकड्यांतून तसा निष्कर्ष निघत नाही. का निघत नाही, आणि निघावा म्हणून काय करावं लागतं, यासाठी हा चर्चेचा धागा काढते आहे. पाहण्या करणारे, शिकवणारे, आकडे वापरून लिहिणारे अशा सगळ्यांनी भर घालावी.

तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. एक वय: नोकरी, लग्न, मुलं, म्हातारे आईवडील यांमुळे माणसाचं मत बदलतं. दुसरी काळ: एखादा कायदा, युद्ध, मंदी, साथ यांचा परिणाम सगळ्याच वयांवर होतो. तिसरी जन्मगट, म्हणजे ठरावीक वर्षांत जन्मलेले आणि सारख्या वयात सारख्या परिस्थितीतून गेलेले लोक. अडचण अशी की वय म्हणजे पाहणीचं वर्ष वजा जन्मवर्ष. दोन गोष्टी कळल्या की तिसरी आपोआप ठरते, त्यामुळे तिन्हींचे परिणाम पूर्णपणे सुटे करणं गणितानेच शक्य नाही. एखादं मॉडेल ते सुटे करून देत असेल, तर त्याच्या आत कुठलं तरी गृहीतक बसवलेलं असतं. आधी ते शोधावं, मग निकाल वाचावा.

म्हणून एका पाहणीवर भागत नाही. किमान तीन फेऱ्या हव्यात, त्याही त्याच शब्दांतल्या प्रश्नाच्या. उदाहरणासाठी कल्पित आकडे घेऊ (टक्के, ‘हरकत नाही’ म्हणणारे):

२००५: वय २०–२९ मध्ये ४०, ३०–३९ मध्ये ३४, ४०–४९ मध्ये २८
२०१५: ५२, ४४, ३७
२०२५: ६२, ५५, ४८

बातमीत फक्त शेवटची ओळ येते. हा तक्ता तिरपा वाचा. २००५ मध्ये विशीत असलेले २०१५ मध्ये तिशीत आणि २०२५ मध्ये चाळिशीत आहेत: ४०, ४४, ४८. म्हणजे आजचे चाळिशीतले लोक विशीत होते तेव्हा आजच्यापेक्षा कमी उदार होते. ‘वय वाढलं की माणूस कर्मठ होतो’ याला इथे आधार मिळत नाही. तिन्ही वयोगट सारख्या वजनाचे धरले तर सरासरी ३४ वरून ५५ वर गेली, म्हणजे २१ अंकांची (टक्केबिंदूंची) वाढ. एकाच जन्मगटाचं मत दशकाला ३–४ अंकांनी सरकलं, म्हणजे वीस वर्षांत ७–८. उरलेले १३–१४ अंक जुने जन्मगट या वयांतून पुढे सरकले आणि त्यांच्या जागी नवे आले म्हणून वाढले. ‘त्याच लोकांची मतं बदलली’ आणि ‘लोकांच्या जागी दुसरे लोक आले’ हे दोन वेगळे बदल आहेत आणि दोन्हींचा वाटा वेगवेगळा काढता येतो.

एक मर्यादा इथेच नोंदवते. तिरप्या वाचनात दिसणारे ते ३–४ अंक वयाचे की काळाचे, हे या तक्त्यातून कळत नाही.

चौकट

मांडणी चांगली आहे. याच्या उलटचं खरं उदाहरण देतो, नाहीतर प्रत्येक बदल जन्मगटाच्या खात्यात टाकायची सवय लागते. अमेरिकेत समलिंगी विवाहाला कायद्याची मान्यता असावी का, हा प्रश्न गॅलप ही मतचाचणी संस्था १९९६ पासून विचारते. तेव्हा २७ टक्के लोक बाजूने होते, २०२३ मध्ये ७१. म्हणजे २७ वर्षांत ४४ अंक. एवढ्या वेळात लोकसंख्येतली माणसं इतकी बदलतच नाहीत, की निव्वळ त्यातून ४४ अंक निघावेत. तिथे सगळ्याच वयोगटांचा आकडा वर गेला, वयस्करांचासुद्धा. काळाचा परिणाम प्रबळ असल्याचं हे लक्षण.

त्यामुळे ‘तरुणांमुळे समाज बदलला’ असं लिहिण्याआधी म्हाताऱ्यांचा आलेख पाहावा. तोही त्याच वेगाने चढत असेल तर श्रेय एकट्या तरुणांचं नाही.

पानगळ

जन्मगटांच्या नावांबद्दल. मिलेनियल म्हणजे १९८१ ते १९९६ आणि जेन झी म्हणजे १९९७ पासून पुढे, ही विभागणी प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेमुळे रूढ झाली. २०२१ मध्ये बऱ्याच लोकसंख्याशास्त्रज्ञांनी आणि समाजशास्त्रज्ञांनी खुलं पत्र लिहून प्यूला ही नावं सोडून द्यायला सांगितलं. २०२३ मध्ये प्यूनेच जाहीर केलं, की यापुढे ही नावं जपून वापरू आणि पिढ्यांची तुलना जमेल तिथे त्यांच्या सारख्या वयातल्या आकड्यांवरून करू.

यातल्या बेबी बूम या गटाला निदान मोजता येणारा आधार आहे: अमेरिकेत १९४६ ते १९६४ या काळात जन्म खरोखर वाढले होते. पुढच्या सीमारेषांना तसा आधार नाही. ३१ डिसेंबर १९९६ आणि १ जानेवारी १९९७ ला जन्मलेल्या दोघांत सामाजिक मतांची भिंत कशी उभी राहणार? आणि अमेरिकेच्या इतिहासावरून आखलेल्या रेषा दुसऱ्या देशावर जशाच्या तशा लावणं तर चूकच. त्या देशात शाळा सर्वांपर्यंत कधी पोचली, मोबाइल कधी स्वस्त झाला, राजवट कधी बदलली, यावरून तिथले जन्मगट ठरायला हवेत.

काम करताना पाच-पाच वर्षांचे जन्मगट घ्या (१९९१–९५, १९९६–२०००, असे) आणि बदल कुठे होतो ते आकड्यांनाच दाखवू द्या. नाव द्यायचंच असेल तर त्यानंतर. ‘तरुण’ शब्दाचंही तेच: संयुक्त राष्ट्रं आकडेवारीसाठी १५–२४ धरतात, भारताच्या २०१४ च्या युवा धोरणात १५–२९ होतं, आफ्रिकेच्या युवा सनदेत १५–३५ आहे. वेगवेगळ्या व्याख्यांचे दोन अहवाल शेजारी ठेवून तुलना केली, तर निम्मा फरक व्याख्येतूनच आलेला असू शकतो.

उंबरठा

आता नमुन्याचा आकार. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण अहवालाच्या पहिल्या पानावर ‘१,००० जणांची पाहणी, त्रुटी ±३ टक्के’ असं छापलेलं असतं आणि वाचणारा तेच ±३ तरुणांच्या आकड्यालाही लावतो.

हिशोब असा. १,००० जणांत १८–२४ वयाचे १८ टक्के असतील तर ते १८० झाले. ५० टक्क्यांच्या आसपासच्या उत्तरासाठी त्यांची त्रुटी ±७.३. त्यातल्या ९० मुलींचं मत वेगळं काढलं तर ±१०.३. शिवाय प्रत्यक्ष नमुना साधा यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखा) नसतो. गावं-वस्त्या निवडून मग घरं निवडलेली असतात आणि नंतर भारांक (कमी-जास्त सापडलेल्या गटांचं प्रमाण सुधारणारी वजनं) लावलेले असतात. त्यामुळे डिझाइन इफेक्ट, म्हणजे या सगळ्यामुळे नमुन्याची किंमत कितीपट घटते तो आकडा, १.६ आला तर १८० माणसांची किंमत ११२ माणसांएवढीच उरते आणि त्रुटी ±९ च्या वर जाते. अशा वेळी तरुण आणि प्रौढ यांच्यातला ६ अंकांचा फरक मथळ्यात देणं म्हणजे नसलेली गोष्ट छापणं.

दोन गटांत ५० विरुद्ध ६० असा १० अंकांचा फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा असेल तर प्रत्येक गटात सुमारे ३९० माणसं लागतात. डिझाइन इफेक्ट १.५ धरला तर सुमारे ५८५. म्हणून तरुणांवर अभ्यास करायचा असेल तर तरुण मुद्दाम जास्त घ्यावेत आणि एकूण समाजाचा आकडा काढताना त्यांचं वजन भारांकाने खाली आणावं. भारांक बेसुमार होऊ देऊ नयेत. मध्यक भारांकाच्या (चढत्या क्रमात मधोमध येणाऱ्या भारांकाच्या) पाचपटीवर कापणं ही बरीच रुळलेली पद्धत आहे. कापल्यावर उरलेली परिणामकारक संख्या (भारांकांच्या बेरजेचा वर्ग भागिले भारांकांच्या वर्गांची बेरीज) अहवालात छापा.

आणखी एक. तरुण माणूस घरी सापडत नाही. दुपारी दार वाजवलं की आई, आजी किंवा सुट्टीवरचं कुणी भेटतं. मग पाहणी करणारा शेजारच्या घरातला तरुण घेऊन कोटा भरतो, आणि नमुन्यात घरी बसणारे तरुण वाढतात. शिफ्टमध्ये काम करणारे, प्रवासात असणारे, वसतिगृहातले सुटतात. घरातली एकच व्यक्ती नियमाने निवडा (ज्याचा वाढदिवस सगळ्यात जवळ आलाय तो, किंवा किशची सारणी, म्हणजे घरातल्यांच्या यादीतून कुणाला घ्यायचं ते ठरवणारा तक्ता) आणि त्याच व्यक्तीसाठी वेगवेगळ्या वेळी तीन-चार फेऱ्या मारा. बदली माणूस घेऊ नका. फक्त कॉलेजात पाहणी केली असेल, तर ती ‘कॉलेजातल्या तरुणांची’ आहे असं शीर्षकातच लिहा.

दिवेलागण

घरोघर जाणं परवडत नाही, म्हणून बहुतेक जण ऑनलाइन पॅनलकडे (पाहण्यांना उत्तरं द्यायला नोंदवलेल्या लोकांच्या गटाकडे) वळतात. त्याबद्दल धोक्याची सूचना. ज्यात कुणीही आपणहून नाव नोंदवतं आणि थोड्या मोबदल्यासाठी उत्तरं देतं, अशा पॅनलमध्ये खोटी उत्तरं ‘तरुण’ म्हणवणाऱ्यांत सगळ्यात जास्त सापडतात. २०२४ मध्ये प्यूने दाखवलेलं उदाहरण प्रत्येकाने लक्षात ठेवावं: अशा पॅनलमधल्या तिशीखालच्या १२ टक्के लोकांनी आपल्याकडे अणुपाणबुडी चालवायचा परवाना असल्याचं सांगितलं. खरा आकडा जवळपास शून्य.

याचे परिणाम गंभीर असतात. २०२३ च्या अखेरीस अशाच प्रकारच्या एका पाहणीवरून बातमी झाली, की तिशीखालच्या २० टक्के अमेरिकनांना ज्यूंचा नरसंहार हे थोतांड वाटतं. प्यूने हाच प्रश्न यादृच्छिकपणे निवडलेल्या पॅनलला विचारला तेव्हा तरुणांत ३ टक्के निघाले. एका अख्ख्या पिढीवर केवढा आरोप, आणि त्यामागे मोबदल्यासाठी भराभर ‘हो’ दाबत जाणारे लोक.

हे होतं कसं, तर खोटं उत्तर देणारा बहुतेकदा ‘हो’च्या बाजूला झुकतो. खरं प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर त्याने फारसं बिघडत नाही. पण खरं प्रमाण २–३ टक्के असेल, तर ५–१० टक्के बनावट माणसं त्या आकड्याचं सगळं चित्र पालटून टाकतात. दुर्मिळ आणि टोकाची मतं ऑनलाइन पॅनलवर मोजू नका. दुसरं काही शक्यच नसेल तर किमान हे करा: ज्याचं खरं उत्तर जवळपास शून्य आहे असे एक-दोन प्रश्न मध्ये ठेवा, मध्यकाच्या एक तृतीयांशाहून कमी वेळात संपवलेली उत्तरं बाजूला काढा, जन्मवर्ष सुरुवातीला आणि वय शेवटी विचारून ताळा घ्या, आणि काही प्रश्न असे ठेवा की ‘हो’ म्हटल्यावर अर्थ उलट्या दिशेचा होईल.

मोजपट्टी

दिवेलागण, फार मोलाची भर घातलीत. शीर्षकातली ‘विविधता’ अजून कुणी हाताळली नाही. ‘ही पिढी आजवरची सर्वांत वैविध्यपूर्ण’ हे विधान कशावर मोजतात?

तिरकी रेघ

सर्वांत जास्त वापरतात तो निर्देशांक सोपा आहे: यादृच्छिकपणे निवडलेल्या दोन व्यक्ती वेगवेगळ्या गटांतल्या असण्याची शक्यता. प्रत्येक गटाच्या वाट्याचा वर्ग करा, बेरीज करा, १ मधून वजा करा. चार गट ४०, ३०, २०, १० टक्के असतील तर ०.१६ + ०.०९ + ०.०४ + ०.०१ = ०.३०, म्हणून निर्देशांक ०.७०. गट ८५, ५, ५, ५ असतील तर ०.२७. चार गटांसाठी कमाल ०.७५, पाच गटांसाठी ०.८०.

खोच इथेच आहे. पहिल्या उदाहरणातल्या ४० टक्क्यांच्या गटाचे अर्जात २०-२० असे दोन रकाने केले, की समाजात काहीही न बदलता ०.७० चे ०.७८ होतात. अमेरिकेच्या जनगणनेत हा निर्देशांक २०१० मध्ये ५४.९ टक्के होता, २०२० मध्ये ६१.१. त्याच काळात एकाहून अधिक वंश सांगणारे ९० लाखांवरून ३ कोटी ३८ लाखांवर गेले. लोकसंख्या खरंच बदलत होती, पण प्रश्नाची रचना आणि लिहिलेल्या उत्तरांचं वर्गीकरणही बदललेलं होतं, हे जनगणना खात्याने स्वतःच सांगितलं आहे. म्हणून दोन पिढ्यांची तुलना करण्याआधी दोन्ही वेळचे रकाने एकसारखे करून घ्या, आणि ते जमत नसेल तर तुलना करू नका.

दुसरी मर्यादा: हा निर्देशांक कोण कुणाशेजारी राहतं, याबद्दल काहीच सांगत नाही. शहराचा आकडा ०.७० असेल आणि प्रत्येक वस्तीत एकाच गटाचे लोक राहत असतील, तर तिथला तरुण रोज एकाच प्रकारच्या माणसांत वावरतो. मतांवर परिणाम करणारी गोष्ट आहे संपर्क. १९५४ मध्ये मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्टने संपर्काने पूर्वग्रह कमी व्हावा यासाठीच्या अटी मांडल्या: बरोबरीचं स्थान, समान ध्येय, सहकार्य आणि संस्थेचा पाठिंबा. २००६ मध्ये पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी ५१५ अभ्यास एकत्र करून पाहिले. संपर्क आणि पूर्वग्रह यांचा सहसंबंध सरासरी –०.२१ निघाला (संपर्क जास्त तिथे पूर्वग्रह कमी). म्हणजे परिणाम खरा, पण माफक. अटी पाळल्या गेल्या तिथे जास्त, न पाळता नुसतं एकत्र असण्यानेही थोडा.

त्यामुळे प्रश्नावलीत मित्रांबद्दल विचारा, पण ‘तुमचे इतर समाजातले मित्र आहेत का?’ असं नको. त्याला जवळपास सगळेच हो म्हणतात. ‘गेल्या सहा महिन्यांत महत्त्वाच्या गोष्टी ज्यांच्याशी बोललात अशा पाच जणांची फक्त आद्याक्षरं सांगा’ असं विचारा, आणि मग प्रत्येकाबद्दल गट, शिक्षण, कुठे भेटता हे विचारा. वेळ ६–८ मिनिटं जास्त लागतो. तो द्यावा.

सावली

तिरकी रेघ यांच्या शेवटच्या परिच्छेदाला जोडून मतांच्या प्रश्नांबद्दल. ‘सगळ्यांना समान हक्क असावेत’ यावर ९० टक्के सहमती मिळते आणि तिच्यातून काहीच कळत नाही. समाजशास्त्रज्ञ एमोरी बोगार्डसने १९२५ मध्ये केलेली सामाजिक अंतराची पट्टी अजूनही कामाची आहे. एका गटाबद्दल पायरीपायरीने विचारायचं: लग्नाने नातेवाईक, जवळचा मित्र, शेजारी, सहकारी, देशाचा नागरिक, फक्त पाहुणा, की देशात प्रवेशच नको. तरुण आणि प्रौढ यांतला फरक बहुधा मधल्या पायऱ्यांवर कमी आणि लग्नाच्या पायरीवर जास्त स्पष्ट होतो, म्हणून ती पायरी कधीही गाळू नका. अवघड वाटली तरी.

लोक लाजेखातर ‘बरं दिसणारं’ उत्तर देतात अशी शंका असेल तर यादी-प्रयोग वापरा. निम्म्यांना चार साधी विधानं द्यायची, निम्म्यांना तीच चार आणि एक संवेदनशील. प्रत्येकाने फक्त किती विधानं पटतात तो आकडा सांगायचा, कुठली ते नाही. सरासरी १.९ आणि २.२ आली तर सुमारे ३० टक्के लोकांना संवेदनशील विधान पटतं. मात्र किंमत मोठी आहे: प्रत्येक बाजूला ५०० माणसं आणि प्रमाण विचलन (उत्तरं सरासरीभोवती किती पसरली आहेत ते) १ असेल तरी त्रुटी ±१२ अंक. वयोगट पाडून वापरायचं तर हजारोंचा नमुना हवा. चार साधी विधानंही अशी निवडा की कुणालाच चारही पटणार नाहीत आणि कुणालाच शून्य पटणार नाहीत; नाहीतर उत्तर उघडं पडतं.

कोरा कागद

सगळं वाचून एक प्रश्न पडतो. नावं टाकायची, एका पाहणीचा आधार नको, सरासरीवर विश्वास नको. मग ‘पिढी’ ही कल्पनाच सोडून द्यायची का? तरुणांमध्ये काहीतरी खरंच वेगळं घडतंय असं वाटणाऱ्यांनी काय करावं?

पानगळ

सोडून द्यायची नाही. समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइमने १९२८ मध्येच सांगितलं होतं, की एकाच काळात जन्मणं पुरेसं नाही. एकाच घडामोडीत सापडलेले तरुण तिला परस्परविरोधी प्रतिसाद देतात आणि तरीही ते एकाच पिढीचे असतात. अशा आतल्या तुकड्यांना त्याने पिढीची एककं म्हटलं. पिढीची ओळख एका मतापेक्षा तिच्यातल्या वादाच्या विषयावरून जास्त होते.

याचं ठळक उदाहरण दक्षिण कोरियाची २०२२ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक. एक्झिट पोलनुसार विशीतल्या आणि त्याखालच्या पुरुषांपैकी सुमारे ५९ टक्के पुराणमतवादी पक्षाच्या युन सक-योल यांच्या बाजूने, आणि त्याच वयाच्या स्त्रियांपैकी ५८ टक्के उदारमतवादी पक्षाच्या ली जे-म्यंग यांच्या बाजूने. दोघांना एकत्र केलं तर तो वयोगट जवळपास समसमान विभागलेला दिसतो आणि ‘तरुण मध्यममार्गी आहेत’ असा साफ चुकीचा अर्थ निघतो. म्हणून माझा आग्रह: तरुणांची सरासरी छापायच्या आधी स्त्री-पुरुष, शिक्षण आणि शहर-गाव हे तीन छेद घ्या. वयोगटांतल्या फरकापेक्षा तरुणांच्या आतला फरक मोठा निघाला तर बातमी तीच आहे.

चौकट

आणि तुलना सारख्या वयाची करा. अमेरिकेत मॉनिटरिंग द फ्युचर ही पाहणी १९७५ पासून दर वर्षी शाळेच्या शेवटच्या वर्गातल्या मुलांना विचारते. आजच्या अठरा वर्षांच्यांची तुलना त्या काळच्या अठरा वर्षांच्यांशी होते, त्यामुळे वयाचा प्रश्नच उरत नाही. उरतात काळ आणि जन्मगट. शाळा सोडलेली मुलं त्यात येत नाहीत, एवढं ध्यानात ठेवायचं.

उंबरठा

अठरा वर्षांखालच्यांचा विषय निघालाच आहे म्हणून. पालकांची परवानगी आणि मुलाची स्वतःची संमती, दोन्ही वेगवेगळ्या घ्या. पालक ‘हो’ म्हणाले म्हणून मुलाला ‘नाही’ म्हणता येत नाही असं होऊ नये. मुलाखतीच्या वेळी खोलीत दुसरं कोण होतं याची नोंद प्रत्येक प्रश्नावलीवर करा. आई किंवा वडील ऐकत असतील तर लग्न, धर्म, लैंगिकता यांवरची उत्तरं घरच्या मताकडे सरकतात. हा भाग हेडफोन आणि टॅब देऊन मुलाने स्वतः भरावा.

प्रसिद्ध करताना ३० पेक्षा कमी माणसांचा रकाना छापू नका. वय, लिंग, गट आणि गाव एकत्र छापलं तर लहान समाजातला एकेक मुलगा ओळखू येतो, आणि त्याने विश्वासाने सांगितलेलं मत त्याच्या घरापर्यंत पोचतं.

कोरा कागद

समजलं. शेवटची शंका. जुन्या फेरीतला प्रश्न आज जुनाट किंवा अपमानकारक वाटत असेल तर? शब्द बदलले तर मालिका तुटते, नाही बदलले तर तरुण उत्तरच देत नाहीत.

मोजपट्टी

त्या फेरीत नमुन्याचे यादृच्छिक दोन भाग करा. निम्म्यांना जुना प्रश्न, निम्म्यांना नवा. दोन्हींतला फरक वयोगटानुसार काढून ठेवा, कारण शब्दबदलाचा परिणाम तरुणांवर आणि वयस्करांवर सारखा असेलच असं नाही. पुढच्या फेरीपासून फक्त नवा प्रश्न, आणि आलेखावर दोन्ही रेषा एकाच वर्षी एकमेकींवर चढवून दाखवायच्या, तोडून जोडायच्या नाहीत. शब्द इतके अपमानकारक असतील की ते कुणालाही विचारणं योग्य नाही, तर मालिका तिथे थांबवावी आणि नवी सुरू करावी. ‘उत्तर द्यायचं नाही’ म्हणणाऱ्यांची टक्केवारीही प्रत्येक वयोगटाची वेगळी छापा. तरुणांत ती अचानक वाढली असेल तर प्रश्न बदलायची वेळ झाली, असं समजायला हरकत नाही.